रेघेतला खंड

माझ्या टेबलासमोर भिंतीवर एक फोटो आहे. नीट फ्रेम करून लावलेला आहे, पण पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो खराब झालेला वाटतो. काळं आकाश, त्यात मोहरी सांडावी तसे तारे, आणि त्यांच्यामधून खालून वर गेलेली एक पांढरी रेघ. रेघ सलग नाही. खाली नखाएवढी आहे, मग तुटते, मग पुन्हा सुरू होऊन लांबवर जाते. घर रंगवायला आलेल्या माणसानं मला सांगितलं होतं, "ताई, काचेवर ओरखडा पडला आहे." त्यानं ती कापडानं पुसूनही पाहिली होती.

ती रेघ म्हणजे एक लघुग्रह आहे. सव्वातीनशे मीटरचा दगड. २६ जानेवारी २०१५ च्या रात्री तो पृथ्वीपासून सुमारे बारा लाख किलोमीटरवरून, म्हणजे चंद्राच्या तिप्पट अंतरावरून गेला. त्या रात्री मी उमरेडच्या पुढे, भिवापूरच्या अलीकडे, मामाच्या शेतात दुर्बीण लावून बसले होते. आणि रेघ जिथे तुटली आहे, तिथे मामाच्या सालदाराचा हात आहे. हे शेवटचं वाक्य समजावून सांगायला मला हा सगळा लेख लागणार आहे.

आधी एक फसलेली रात्र सांगते. १५ फेब्रुवारी २०१३. त्या दिवशी, आपल्याकडे सकाळचे नऊ वाजत आले असताना, रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर वीसेक मीटरचा एक दगड हवेत फुटला. त्याच्या धक्क्यानं गावभरच्या खिडक्या फुटल्या आणि दीड हजाराच्या आसपास माणसं जखमी झाली, बहुतेक जण काचांनीच. तो सूर्याच्या बाजूनं आला होता, म्हणून कुठल्याही दुर्बिणीला आधी दिसला नाही. योगायोग असा की त्याच रात्री दुसरा एक दगड, २०१२ डीए १४, पृथ्वीच्या पृष्ठभागापासून फक्त २७,७०० किलोमीटरवरून जाणार होता. याची खबर वर्षभर आधीपासून होती. टीव्हीचे कार्यक्रम आपल्यापर्यंत पोचवणारे उपग्रह जवळजवळ छत्तीस हजार किलोमीटरवर फिरतात. हा त्यांच्याही आतून जाणार होता. आपल्या घड्याळात रात्री बारा पंचावन्नला तो सर्वांत जवळ असणार होता.

मी आमच्या नागपूरच्या घराच्या गच्चीवर दुर्बीण चढवली. हातात तक्ता होता, कोणत्या मिनिटाला तो कुठे असेल ते सगळं त्यात लिहिलेलं होतं. पण तो मिनिटाला पाऊण अंशाहून जास्त सरकत होता. पूर्ण चंद्राची रुंदी अर्धा अंश असते, यावरून त्या वेगाचा अंदाज यावा. मी तक्त्यातली जागा वाचायची, आकाशात ती शोधायची, दुर्बीण तिथे न्यायची. तोवर दोन मिनिटं उलटलेली असायची. मग पुढची जागा, पुन्हा उशीर. साडेबारापासून दोन वाजेपर्यंत मी आकाशभर त्याच्या मागे धावले. फोटो खूप काढले, सगळ्यांत तारे आले. त्या रात्रीचं वाईट वाटणं अजून गेलेलं नाही, कारण ढग नव्हते, दुर्बीण बिघडली नव्हती, घड्याळही बरोबर होतं. तो डोक्यावरून गेला आणि मी दर वेळी तो जिथून निघून गेला होता तिथे पोचत राहिले.

म्हणून दोन वर्षांनी दुसरा पाहुणा येणार असं कळलं, तेव्हा मी डिसेंबरपासूनच तयारीला लागले. याचं नाव २००४ बीएल ८६. ही नावं रुक्ष वाटतात, पण त्यांच्यात जन्मवेळ लिहिलेली असते, आणि ती वाचता येऊ लागली की माझ्यासारखीला ती गोड वाटू लागतात. २००४ हे शोधाचं वर्ष. त्यानंतरचं पहिलं अक्षर पंधरवड्याचं. ए म्हणजे जानेवारीचा पहिला पंधरवडा, बी म्हणजे दुसरा. पुढचं अक्षर आणि आकडा मिळून त्या पंधरवड्यात सापडलेल्यांतला त्याचा क्रमांक ठरतो. अक्षरं पंचवीसच वापरतात, आय गाळतात. हिशेब केला तर हा त्या पंधरवड्यातला २१६१ वा. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या दुर्बिणींनी तो ३० जानेवारी २००४ ला टिपला. अकरा वर्षांनी तो पृथ्वीजवळून जाणार होता आणि पुढची निदान दोनशे वर्षं पुन्हा इतका जवळ येणार नव्हता.

तो ताशी अडीच अंशांहून थोडा जास्त सरकणार होता. आपल्या पंचांगात अंशाचा साठावा भाग कला आणि कलेचा साठावा भाग विकला. त्या मापात सांगायचं तर सेकंदाला अडीच विकला. प्रत्यक्षातला वेग सेकंदाला पंधरा किलोमीटरच्या आसपास. नागपूरहून कामठीला एका सेकंदात पोचण्यासारखं. आणि तेज नवव्या प्रतीचं, म्हणजे अगदी काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांना जो सर्वांत मंद तारा कसाबसा दिसतो, त्याच्याही सोळापट मंद.

इथे फोटो काढणाऱ्याची एक जुनी सवय मोडावी लागते. आकाशातली मंद वस्तू टिपायची तर कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकतो. दुर्बिणीचा माउंट, म्हणजे तिची फिरती बैठक, तारे जसे पश्चिमेला सरकतात तसा त्यांच्याबरोबर फिरत राहतो, ताऱ्याचा उजेड एकाच पिक्सेलवर साठत जातो, आणि जे डोळ्यांना कधीच दिसलं नसतं ते हळूहळू उमटतं. जितका धीर धराल तितकं मिळतं. पण धावणाऱ्या लघुग्रहाला हा धीर कळत नाही. माझी दुर्बीण आठ इंची, तिची नाभीय लांबी एक मीटर, कॅमेरा जुना. त्यात एक पिक्सेल म्हणजे साधारण एक विकला. लघुग्रह सेकंदाला अडीच विकला जाणार, म्हणजे एका पिक्सेलवर तो अर्धा सेकंदही थांबत नाही. शटर एक सेकंद उघडं ठेवा की एक मिनिट, प्रत्येक पिक्सेलला त्याचा तेवढाच उजेड मिळणार. वेळ वाढवला की रेघ फक्त लांब होते, उजळ होत नाही. उलट मागचं आकाश मात्र उजळत जातं आणि रेघ त्यात बुडू लागते. चंद्रप्रकाश, शहराचा उजेड, धूर, जे जे म्हणून आकाश पांढरं करतं ते सगळं अशा वेळी तुमच्या विरुद्ध असतं. नागपुरातून हे जमणारं नव्हतं, मामाचं शेत त्यासाठीच हवं होतं.

रेघेवरून लघुग्रह ओळखण्याची रीत तशी जुनी आहे. १८९१ च्या डिसेंबरात जर्मनीत माक्स वोल्फ यांनी पहिल्यांदा फोटोच्या काचेवरून एक लघुग्रह शोधला. त्याचं नाव ब्रूसिया, खगोलशास्त्राला सढळ हातानं पैसे देणाऱ्या कॅथरिन ब्रूस या बाईंवरून ठेवलेलं. त्याआधी माणसं रात्र रात्र डोळा लावून ताऱ्यांच्या नकाशाशी आकाश ताडून पाहायची. काचेवर तारे ठिपके होतात आणि हलणारा रेघ होतो, एवढ्या एका गोष्टीनं ते काम पालटलं. १८९८ मध्ये बर्लिनच्या गुस्टाव विट यांच्या काचेवर अशीच एक रेघ आली, इतरांपेक्षा लांब. ती एरॉसची होती, पृथ्वीच्या इतक्या जवळ येणारा पहिला माहीत झालेला लघुग्रह. मला विट यांचा तो क्षण नेहमी डोळ्यांसमोर येतो. दिव्यासमोर धरलेली काच, आणि त्यातली एक रेघ जरा जास्तच लांब.

तर, २६ जानेवारी. सकाळी शाळेत झेंडावंदन झालं, मुलांना बुंदी वाटली, आणि दुपारी मी आणि धाकटा भाऊ गाडीत दुर्बीण टाकून निघालो. शेतावर पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. एका बाजूला गहू, एका बाजूला हरभरा, मध्ये विहीर आणि तिच्यावर पत्र्याची खोली. दक्षिणेकडे जंगल, तिकडे उजेड नाही. उत्तर-पश्चिमेला नागपूर. इतक्या दुरूनही क्षितिजावर त्याचा पिवळट फुगा दिसायचा. माउंटचा अक्ष ध्रुवाकडे लावावा लागतो, आणि आपल्याकडून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम एकवीस अंश वर, म्हणजे त्या पिवळ्या फुग्याच्या काठावरच. दहा मिनिटांचं काम, मला चाळीस लागली. माउंटची मोटार चालवायला भावानं ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली. टॉर्चला संक्रांतीच्या उरलेल्या लाल पतंगाचा कागद गुंडाळला. लाल उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत.

सालदारभाऊ हे सगळं जरा लांब उभे राहून पाहत होते. मामाकडे त्यांना तेव्हाच दहा-बारा वर्षं झालेली. खांद्यावर दुपट्टा, हातात फावडं.

"काय पाहून राहिले जी?"

"एक गोटा येणार आहे," मी म्हटलं. "आकाशातून."

"आपल्या वावरात?"

त्यांनी हे गंभीरपणे विचारलं होतं. मी सांगितलं की नाही, खूप दुरून जाणार आहे, बारा लाख किलोमीटरवरून. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मंग दिसन कसा?" गेले दोन महिने मी स्वतःला हेच विचारत होते. मग म्हणाले, त्या आठवड्यात पंपाला रात्रीची लाईन आहे, दहाला येते, गहू ओलायचा आहे. लाईन आली की विहिरीवरचा बल्ब लागतो. "तुम्हाले उजेड चालन?" मी म्हटलं, नाही चालणार. ते गेले, दुपट्टा हाताला गुंडाळून बल्ब होल्डरमधून काढला आणि खोलीच्या खिडकीत ठेवून दिला. त्या शेतात रानडुकरं येतात. रात्रभर अंधारात पाणी ओलायचं आणि सोबतीला असलेला एकुलता दिवा काढून ठेवायचा, हे त्यांनी एका शब्दात मान्य केलं. याचं मोल मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं.

दहाला लाईन आली, पंप सुरू झाला. आकाशात अर्धा चंद्र होता, तो साडेबाराच्या सुमारास मावळणार होता. तोवर मी आकाशातली जागा पक्की करत होते. लघुग्रह दक्षिणेकडून वर येत होता, वासुकीच्या लांब अंगावरून आश्लेषाच्या दिशेनं. शेजारी गुरू झगझगत होता, पलीकडे प्रश्वा आणि व्याध. लॅपटॉपवरच्या प्रोग्राममध्ये तो कुठेतरी भलतीकडेच दाखवत होता, कारण इतक्या जवळून जाणाऱ्या वस्तूची जागा जुन्या आकड्यांवरून काढली की चुकते. पृथ्वी त्याला ओढते, त्याची वाट वळवते. शिवाय तुम्ही पृथ्वीवर कुठे उभे आहात यानंही फरक पडतो. दूरच्या ग्रहांना हे चालून जातं. बारा लाख किलोमीटरवरच्या दगडाला नाही. पृथ्वीच्या केंद्रातून पाहिलेली त्याची जागा आणि जमिनीवरून दिसणारी जागा यांत अठरा कलांपर्यंत, म्हणजे चंद्राच्या अर्ध्या रुंदीहून जास्त फरक येऊ शकतो. पुण्याहून पाहणाऱ्याला तो नागपूरपेक्षा कलाभर इकडेतिकडे दिसू शकतो. मी तक्ता काढताना एकवीस अंश नऊ कला उत्तर, एकोणऐंशी अंश पाच कला पूर्व असं नागपूरचं ठिकाण घातलं होतं. आपल्या गावापुरता आकाशातला पत्ता. तो छापील कागद मी मांडीवर घेऊन बसले होते.

आणि तरीही मनात गच्चीवरची रात्र होती. तक्ता तेव्हाही होता.

अकराच्या सुमारास पाय मोकळे करायला मी गव्हाकडे गेले. दांडातून पाणी येत होतं, चंद्राच्या उजेडात त्याचं तोंड दिसत होतं, पुढे सरकणारं, काडीकचरा ढकलत जाणारं. सालदारभाऊ मात्र पाण्याजवळ नव्हते. ते दोन वाफे पुढे, कोरड्यात उभे होते. मी विचारलं, पाणी तर इकडे आहे, तुम्ही तिकडे काय करता? ते हसले.

"पाण्याच्या मांगं धावून नाई होत, ताई. ते यायच्या आधी पुढच्या वाफ्याचं तोंड मोकळं करून उभं राहा लागते. मंग ते येतेच."

मी परत दुर्बिणीकडे आले. तक्त्यात बारा अठ्ठेचाळीसच्या ओळीवर बोट ठेवलं. त्या वेळी तो जिथे असणार, त्याच्या अगदी जवळ सहाव्या प्रतीचा एक तारा नकाशात होता. लघुग्रह तेव्हा तिथून चार-पाच अंश खाली होता. मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. दुर्बीण त्या ताऱ्यावर नेली, कॅमेरा असा फिरवला की चित्राची लांब बाजू त्याच्या वाटेला समांतर येईल, आणि माउंट ताऱ्याबरोबर चालू ठेवून हात मागे घेतला. कॅमेऱ्यात सव्वा अंशाचा तुकडा मावत होता. तो ओलांडायला त्याला अर्धा तास लागणार होता. अर्धा तास माझ्या चौकटीत. आता त्यानं यायचं होतं.

चंद्र मावळला. जंगलाच्या बाजूचं आकाश अचानक खोल झालं. एक मिनिटाचा एक फोटो, दहा सेकंद विश्रांती, पुन्हा एक मिनिट. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात काही नाही. भाऊ गाडीत झोपला होता. तिसरा फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून मी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकवत नेला. खालच्या कडेला, अगदी कडेला, एक रेघ होती.

पडद्यावर ती माझ्या नखाएवढी होती. आजूबाजूचे तारे गोल, थोडे पसरलेले, कापसाच्या बोंडासारखे. ही मात्र सरळ, आखल्यासारखी, दोन्ही टोकांना बोथट. थंडीनं माझी बोटं बधिर झाली होती आणि तरी मला तो पडदा गरम लागला. त्या रेघेचा उजेड सूर्याकडून निघाला होता, त्या दगडावर आपटला होता आणि तिथून मामाच्या शेतात पोचायला त्याला चार सेकंद लागले होते. मी "आला" असं मोठ्यानं म्हटलं असणार, कारण अंधारातून सालदारभाऊंचा आवाज आला, "आला काय जी?"

आता खंडाची गोष्ट. रेघेत एक उणीव असते. नुसती रेघ पाहून तो कुठून कुठे गेला ते कळत नाही. खालून वर की वरून खाली? दोन्ही टोकं सारखीच. तक्त्यावरून मला माहीत होतं, पण फोटोनं ते स्वतः सांगावं अशी माझी इच्छा होती. उल्कांचे फोटो काढणारे लोक भिंगासमोर फिरती झडप लावून रेघेचे तुकडे करतात, त्यावरून वेळ मोजतात, हे मी वाचलेलं होतं. माझ्याकडे वहीचा एक काळा पुठ्ठा होता. शटर उघडल्यावर दहा सेकंदांनी दुर्बिणीच्या तोंडावर पुठ्ठा धरायचा, पाच सेकंद ठेवायचा, काढायचा. नळीला अजिबात स्पर्श करायचा नाही, नाहीतर सगळे तारे हलतात. मला घड्याळ आणि शटर सांभाळायचं होतं, माझे हात थरथरत होते.

सालदारभाऊंनी फावडं खाली ठेवलं, हात दुपट्ट्याला पुसले आणि पुठ्ठा घेतला. मी एकदा समजावलं. मग मोजू लागले. दहाला मी म्हटलं, "आता." पुठ्ठा नळीच्या तोंडासमोर आला, बोटभर अंतर राखून, आणि तिथे थांबला. पंचेचाळीस-पन्नास वर्षांचा माणूस, दिवसभर राबलेला, रात्री दहापासून पाण्यात उभा असलेला. पण त्या हाताला कंप नव्हता. "काढा." पुठ्ठा बाजूला झाला.

असं आम्ही चार वेळा केलं. त्या चारांतला तिसरा फोटो सर्वांत स्वच्छ आला, तोच भिंतीवर आहे. नंतर घरी मी पिक्सेल मोजले. आधी चोवीस पिक्सेल उजेड, मग बारा पिक्सेल काळोख, मग एकशे नऊ पिक्सेल उजेड. लहान तुकडा आधीचा, लांब नंतरचा, म्हणजे तो खालून वर गेला. दहा सेकंद, पाच सेकंद, पंचेचाळीस सेकंद. बारा पिक्सेलांचं ते अंतर लघुग्रहानं कापलं तेव्हा तोही पंच्याहत्तर किलोमीटर पुढे गेला होता, फक्त एका माणसाचा हात मध्ये होता.

चौकट ओलांडून तो गेल्यावर मी कॅमेरा काढला आणि भिंग लावलं. तक्ता पाहून पुन्हा त्याच्या पुढे जाऊन थांबले, आणि तो आला तेव्हा सालदारभाऊंना डोळा लावायला सांगितलं. तारे स्थिर असतात हे त्यांना मी आधी दाखवलं होतं. त्यातला एक ठिपका शेजारच्या ताऱ्यापासून दूर होत होता, डोळ्यांदेखत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अगदी हळू म्हणाले, "सरकून राहिला जी. खरंच सरकून राहिला." आवाज केला तर तो थांबेल असं वाटावं, इतकं हळू.

पहाटे शेकोटी पेटवून आम्ही ओला हरभरा भाजला, काळा चहा केला. तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, हा नाही पण दुसरा कोणी पडलाच तर? मी त्यांना लोणार सांगितलं. ते त्यांनी पाहिलेलं होतं. त्यांची बहीण मेहकरला दिलेली, तिच्याकडे गेले की कमळजादेवीच्या दर्शनाला ते सरोवरात उतरतात. लवणासुराची गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. विष्णूनं त्याला त्या विवरातच मारलं. पण ते जवळजवळ पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचं विवर आकाशातून आलेल्या दगडानं पाडलं, हे त्यांना नवीन होतं. आपल्याच विदर्भाच्या काळ्या पाषाणात, लाव्हा थंड होऊन बनलेल्या बेसॉल्टमध्ये, एवढं मोठं आघातविवर जगात दुर्मिळ आहे. तिथल्या खडकात धक्क्यानं काच झालेली खनिजं सापडली, त्यावरून हे ज्वालामुखीचं तोंड नाही हे ठरलं. त्यांनी शेकोटीतला एक निखारा काडीनं उलटा केला. "म्हणजे असुर खराच आला होता," ते म्हणाले. मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही वाटलं नाही. कुठून आला एवढंच आपल्याला उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचून झोप काढली. पुष्य नक्षत्रातल्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या तारकागुच्छाजवळून तो गेला तेव्हा आपल्याकडे दिवस होता, ते फोटो अमेरिकेतल्या लोकांनी काढले. मला क्षणभर हेवा वाटला. पण संध्याकाळी बातमी वाचली आणि हेवा विसरले. कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनच्या सत्तर मीटरच्या रडार अँटेनानं त्याच्यावर लहरी सोडून जी चित्रं घेतली, त्यांत तो एकटा नव्हता. सुमारे सत्तर मीटरचा एक छोटा चंद्र त्याच्याभोवती फिरत होता. मी लॅपटॉपवर माझी रेघ पुन्हा उघडली. त्यांना वेगळं पाहणं माझ्या दुर्बिणीला कधीच शक्य नव्हतं, तिच्या दृष्टीनं ते अंतर म्हणजे काहीच नाही. पण माझ्या रेघेत ते दोघे होते. मी सालदारभाऊंना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "सोबत होती म्हणा त्याले."

या रेघा नुसत्या भिंतीवर लावायच्या नसतात. रेघेचं एक टोक म्हणजे एक जागा आणि एक वेळ. अशा हजारो जागा-वेळा जगभरातून अमेरिकेतल्या मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातात, त्यांत हौशी लोकांच्या कितीतरी असतात, आणि त्यांवरून कक्षा घट्ट होत जातात. दगड उद्या कुठे असेल ते आज सांगता येतं ते या कामामुळे. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाच्या डार्ट यानानं डायमॉर्फोस या दीडेकशे मीटरच्या लघुग्रह-चंद्रावर आपटून त्याची प्रदक्षिणा अर्ध्या तासानं कमी केली. ढकलता येतं हे आता माहीत आहे. पण ढकलण्याआधी तो कुठे येणार हे कळलेलं असावं लागतं, आणि ते बरंच आधी कळलेलं असावं लागतं. माझं घड्याळ त्या रात्री किती सेकंद पुढे-मागे होतं याची मी नोंद ठेवली नव्हती, म्हणून माझी मापं मी पाठवली नाहीत. त्याची खंत आहे. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी जीपीएसवरून घड्याळ लावून घेते.

दहा वर्षांत त्या शेतावरून दिसणारा पिवळा फुगा मोठा झाला आहे. ध्रुव आता त्याच्या काठावर नसतो, आत असतो. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. रस्त्यावरचा दिवा रस्त्यावर पडावा, आकाशावर का पडावा? नागपूरच्या उत्तरेला पेंचच्या जंगलात, सिल्लारीच्या बाजूला, हे करून दाखवलेलं आहे. गावातले दिवे खाली तोंड करून लावले आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंचला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे गेलं की आकाशगंगा दिसते आणि शाळेतल्या मुलांना ती काय आहे हे सांगावं लागतं, कारण त्यांनी ती कधीच पाहिलेली नसते.

या दिवाळीत मामाकडे गेले होते. सालदारभाऊंचे केस पिकले आहेत. फोटोची एक प्रत त्यांच्याही घरी आहे, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या खालच्या खिळ्याला. त्यांच्या नातवाला त्यांनी तो माझ्यासमोर दाखवला आणि रेघेतल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "हे मी केलं." मग मला विचारलं, आता पुन्हा कधी?

मी सांगितलं, ७ ऑगस्ट २०२७ ला एक येतो, १९९९ एएन १०, चंद्राइतक्या अंतरावरून. पण तो पावसाळा, त्याचा भरवसा नाही. खरा मोठा त्यानंतरचा. अपोफिस. तीनशे चाळीस मीटरच्या आसपास, आणि जाणार पृथ्वीच्या पृष्ठभागापासून बत्तीस हजार किलोमीटरवरून, उपग्रहांच्या आतून. नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका तेजस्वी. पडणार नाही, हे पक्कं मोजलेलं आहे. २०२९ चा एप्रिल. आपल्या घड्याळात चौदा तारखेच्या पहाटे, तीन वाजून गेल्यावर तो सर्वांत जवळ असेल. मी मात्र तेराच्या संध्याकाळपासूनच दुर्बीण लावून बसणार.

"चौदा एप्रिल?" ते म्हणाले. "जयंतीच्या राती?"

माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. दर वर्षी तेराच्या रात्री ते नागपूरला जातात. बारा वाजता संविधान चौकात पाय ठेवायला जागा नसते.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग बोटांवर मोजू लागले. "बाराचे फटाके पाहून निघालो, मोटारसायकलनं... दोनपर्यंत पोचतो मी." नातवाकडे वळून म्हणाले, "तोवर पुठ्ठा हा धरन. ताई, याले आताच शिकवून ठेवा."